पॅटर्न ब्लॉक्स: आकृतिबंध शिकवायला कितपत उपयोगी?

पॅटर्न ब्लॉक्स म्हणजे मुलांना मांडणी करायला दिलेले ठोकळे. सहा आकार, सहा रंग: पिवळा षट्कोन, लाल समलंब चौकोन, हिरवा त्रिकोण, नारिंगी चौरस, निळा आणि फिकट तपकिरी समभुज चौकोन. समलंबाची लांब बाजू सोडली तर साऱ्या बाजू सारख्या, म्हणून ठोकळे एकमेकांना चपखल भिडतात. दोन समलंब किंवा सहा त्रिकोण म्हणजे एक षट्कोन, हे मूल हाताळतानाच शोधतं.

आकृतिबंध, म्हणजे तोच क्रम पुन्हा पुन्हा येणारी मांडणी, शिकवताना मात्र एक अडचण येते. रंग आणि आकार एकमेकांना बांधलेले आहेत. लाल-निळा-लाल-निळा मांडणारं मूल रंग बघतंय की आकार, कळायला मार्ग नाही. सुरुवातीला एकाच आकाराचे, जोडता येणारे रंगीत क्यूब बरे, पॅटर्न ब्लॉक्स नंतर.

पुन्हा येणारा गट, जसा लाल-निळा, किमान 3 वेळा मांडावा, मगच ‘पुढे काय?’ विचारावं. दोनच ठोकळे ठेवले तर कुठलंही उत्तर बरोबर ठरतं! बरीच मुलं पुढचा ठोकळा अचूक सांगतात, पण ‘पुन्हा पुन्हा येणारा गट कोणता?’ म्हटलं की अडतात. तेव्हा गटागटात बोटभर जागा सोडावी. मधला ठोकळा झाकून ओळखायला लावणं त्याहून कठीण, आणि जास्त उपयोगाचं.

लाकडी घ्यावेत, फोमचे हलके, धक्क्याने ओळ विस्कटते. 3 वर्षांखालच्यांना नकोच, त्रिकोण थेट तोंडात जातो.