ट्रिप होणं थांबलं, कारण त्याने अर्थिंगच कापलं होतं

गिझर दुरुस्त झाला म्हणून आम्ही सहा दिवस निर्धास्त होतो. सातव्या दिवशी सकाळी आई बाथरूममधून ओरडली, "अगं, नळाला हात लावला की झिणझिण्या येतायत!"

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. अंघोळ बोअरच्या पाण्याने, आणि ते किती जड आहे हे नळांवरचा पांढरा थर सांगतो. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे यायच्या तोंडावर गिझर ट्रिप व्हायला लागला. आधी पाणी निम्मं तापल्यावर, मग बटण दाबताक्षणी. दर वेळी सगळ्या घराची लाईट जायची.

घाईत मोबाईलवर कंपनीचं नाव टाकलं आणि सर्व्हिस सेंटर म्हणून जो पहिला नंबर दिसला तो लावला. तासाभरात माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी अदबीचं. गिझरचं झाकण काढलं आणि म्हणाला, "मॅडम, लोड जास्त होतोय. कॉइल आणि थर्मोस्टॅट, दोन्ही गेलेत." ३,८५० रुपये सांगितले. जुने पार्ट मागितले तर "कंपनीत जमा करावे लागतात" म्हणाला. पक्कं बिल मोबाईलवर येणार होतं, ते आलं नाही. पण गिझर चालू केला, ट्रिप झाला नाही, म्हणून मी तिथेच ऑनलाईन पैसे दिले.

आईच्या झिणझिण्यांनंतर आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मेन स्विच पाडला, गिझरचा प्लग काढला आणि टाकीला हात लावायच्या आधी तो प्लगच उघडला. आतली हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर कापून तिच्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग कॉइल बाहेर काढली. तीच जुनी. चुन्याच्या जाड थराखाली तांब्याची नळी एका जागी फुटलेली.

त्यांनी समजावलं ते असं. कॉइलच्या नळीत तापणारी तार असते आणि तिच्याभोवती पांढरी पूड भरलेली असते, करंट नळीपर्यंत येऊ नये म्हणून. क्षाराचा थर चढला की नळी जास्त तापते, कधीतरी चिरते, पूड ओली होते आणि करंट टाकीच्या पत्र्यात उतरतो. तो अर्थिंगमधून जमिनीत जातो. गेलेला आणि परत आलेला करंट यांत साधारण ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की आरसीसीबी, म्हणजे डीबीतला (घरातल्या खटक्यांच्या पेटीतला) टेस्टचं बटण असलेला मोठा खटका, पडतो. म्हणजे गिझर ट्रिप होत होता तेव्हा तो खटका आम्हाला वाचवत होता. हिरवी वायर कापल्यावर गळणाऱ्या करंटला वाटच उरली नाही. आमचे पाइप प्लास्टिकचे. खटका गप्प बसला आणि ती वाट माझ्या आईच्या हातातून जायला लागली. आईचं वय ७१ आहे. हे लिहितानाही माझा हात थरथरतोय.

लोडचं कारणही खोटं होतं. आमचा गिझर २००० वॅटचा, २३० व्होल्टवर जेमतेम ९ अँपिअर घेतो, आणि त्याचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा छोटा खटका, १६ अँपिअरचा आहे. लोड वाढला असता तर हा छोटा एमसीबी पडला असता, आरसीसीबी नाही. डीबी उघडून कोणता खटका खाली आलाय एवढं मी पाहिलं असतं तरी त्या माणसाला प्रश्न विचारता आला असता. प्लग काढून ठेवल्यावर खटका टिकतो का, हेही घरी बघता येतं. टिकला तर दोष बहुधा गिझरमध्ये, तरीही पडला तर वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणात. यापुढचं काम मात्र वायरमनचंच.

नवी कॉइल, टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो अ‍ॅनोड रॉड, नवा प्लग आणि काकांची मजुरी धरून १,६०० रुपये झाले. बिघडलेली कॉइल काकांनी न मागता माझ्या हातात दिली. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता. तिथे फोन केला तर आमच्या नावाची तक्रारच नोंदलेली नव्हती. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर तक्रार दिली. पैसे अजून मिळालेले नाहीत.

त्या माणसाने जाताना गिझरवर त्याच्या नंबरचं स्टिकर लावलं होतं. परवा आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे तेच स्टिकर दिसलं. काकांना लगेच वर नेलं आणि प्लग उघडला. तिथेही हिरवी वायर कापलेली होती, आणि त्यांच्याकडे दोन लहान नातवंडं रोज त्याच पाण्याने अंघोळ करत होती.