थार उंच झाली, पण किट बसलंच नाही

पुण्यात सध्या थार, जिम्नी, गुरखा अशा जीपगाड्या उंच करून घेण्याची हौस जोरात आहे आणि त्या हौशीवर हात मारणारेही तितकेच जोरात आहेत. माझ्या जुन्या थारच्या बाबतीत हेच झालं. ही सीआरडीई डिझेल इंजिनाची गाडी. तिला पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी) आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचं आहे. पद्धत मात्र पूर्ण सांगतो.

ठरलं होतं ते असं : दोन इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करणारा भागांचा संच), त्यात मागचे नवे पाटे, पुढचे नवे टॉर्शन बार, चारही चाकांना लांब गॅस शॉकअप, आणि कंपनीच्या २३५/७० आर १६ च्या जागी २४५/७५ आर १६ मापाचे नवे ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे) टायर. वर ‘आरटीओत आरसीवर चढवून देतो’, म्हणजे बदल गाडीच्या नोंदणीपत्रावर नोंदवून देतो, म्हणून वेगळे पैसे. दुकानदार बोलायला गोड. “साहेब, तुम्ही कशाला इथे धुळीत थांबता? निवांत घरी जा, संध्याकाळी गाडी न्या.”

संध्याकाळी गाडी खरंच उंच दिसत होती. शॉकअप चकचकीत पिवळे, त्यावर स्टिकर. जुने शॉकअप परत मागितले तर “ते भंगारात गेले” असं उत्तर मिळालं. बिलावर एकच ओळ : ‘सस्पेन्शन वर्क आणि टायर’.

पहिला त्रास खेड शिवापूरकडे जातानाच सुरू झाला. लहानशा खड्ड्यातही पुढचं चाक धाडकन आपटायचं आणि स्टिअरिंगला झटका बसायचा. साठच्या पुढे गेलं की मागून थरथर यायची. दुकानदार म्हणाला, नवं किट आहे, बसायला वेळ लागतो. मग पाबे घाटाच्या बाजूला चिखलात फोर-व्हील लावून वळताना पुढून कट्-कट् आवाज येऊ लागला. धनकवडीतल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि खाली बघून काही क्षण गप्पच राहिले. मग म्हणाले, “दादा, यात किट कुठंय?”

पुढे टॉर्शन बार कंपनीचेच होते. त्यांचा ॲडजस्टिंग बोल्ट नुसता आवळत नेला होता. असं केलं की गाडीचं नाक वर येतं, पण चाकाला खाली सुटायला जागाच उरत नाही, म्हणून प्रत्येक खड्ड्यात ते टोकाला जाऊन आपटतं. ड्राइव्ह शाफ्टचा (पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांडीचा) कोन तिरका झाल्याने तिच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला होता, ग्रीस बाहेर उडालं होतं आणि जॉइंटमध्ये चिखल गेला होता. तो आवाज त्याचाच. मागे पाटेही जुनेच, फक्त शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) लांब घातलेल्या. शॅकल दोन इंच लांब घातली तर गाडी साधारण एकच इंच उचलली जाते, आणि डिफरन्शियलचा (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचा) कोन फिरल्याने त्याला ताकद देणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. शॉकअपवर मिस्त्रींनी पत्र्याच्या तुकड्याने खरवडलं. पिवळ्याखाली कंपनीचा मूळ रंग निघाला. भंगारात गेलेले शॉकअप माझ्याच गाडीला लावलेले होते. मला सगळ्यात जास्त चीड या गोष्टीची आली, कारण याच गाडीत मी आईला घेऊन ताम्हिणी उतरलो होतो.

टायरचीही तीच कथा. टायर कधी बनला हे बाजूवरच्या चार आकड्यांवरून कळतं : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. बऱ्याच टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात, आणि माझ्या चारही टायरची ती बाजू आत घालून बसवली होती. पॉलिश पुसल्यावर रबराला बारीक तडे दिसले. गोदामात वर्षानुवर्षं पडलेला माल ‘नवा’ म्हणून विकलेला. शिवाय अलाइनमेंट केलंच नव्हतं, त्यामुळे पुढचे टायर एका कडेने झिजायला लागले होते. मापाचा फरकही कुणी सांगत नाही : या टायरचा व्यास सुमारे पाच टक्क्यांनी मोठा आहे, म्हणजे काटा ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी चौऱ्याऐंशीने पळत असते.

आणि आरसी? तिच्यावर काहीच चढलं नाही, चढणारही नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. त्यामुळे ‘पासिंग करून देतो’ असं म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

मिस्त्रींनी बार मूळ उंचीवर आणले, शॅकल काढल्या, बूट आणि जॉइंट बदलले. त्यांनी काम करतानाच प्रत्येक भागाचे फोटो काढून दिले आणि काय सापडलं ते सहीनिशी लिहून दिलं. दुकानदाराचे व्हॉट्सॲपवरचे निरोप माझ्याकडे आहेत, त्यात ‘नवे पाटे, नवे शॉकअप’ असं त्यानेच लिहिलंय. बिलावर नाही ते तिथे सापडलं. वकिलामार्फत नोटीस गेली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि सल्ल्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

अलीकडे कुणी असं काम करून घेतलं असेल तर टॉर्च घेऊन गाडीखाली एकदा बघाच. टायरची आतली बाजू पुसून आकडे वाचा, शॉकअपचा रंग नखाने खरवडा, पाट्यांवरची जुनी गंजाची रेघ तशीच आहे का ते तपासा. खोट सापडली तर काही सोडवण्याआधी फोटो काढा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.