जुनं चिरेबंदी घर: चुना की सिमेंट, चपडी की पीयू?

गोव्यात जुनं घर दुरुस्तीला काढलं की पहिला प्रश्न गिलाव्याचा येतो. भिंत चिऱ्याची, पायाशी ओल अडवणारा थर नाही आणि वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस. पाणी भिंतीत शिरणारच. ते बाहेर कुठून पडणार, हे आधी बघा.

चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, जमिनीतून चढलेली ओल त्यातून उडून जाते. सिमेंट टणक, सफाईदार, पण ती वाट अडवतं. मग ओल भिंतीत आणखी वर चढते, खार गिलाव्यामागे साचतो आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात. बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून बघा: घट्ट जागी ठक्क वाजतं, सुटलेल्या जागी पोकळ. तो तुकडा काढला की मागचा चिरा ओलसर लागतो आणि त्यावर मिठाची पांढरी साय दिसते. म्हणून जुन्या चिऱ्यावर मी चुनाच घेईन, निःशंकपणे.

त्याची किंमतही माहीत असावी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कठीण होतो. म्हणून थर पातळ द्यायचे, प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा आणि मगच पुढचा. मजुरी वाढते, शिवाय चुन्यावर हात बसलेला गवंडी सहज मिळत नाही. ओला चुना कातडी आणि डोळे भाजतो, हातमोजे नि चष्मा हवाच. आणि चुन्यावर प्लॅस्टिक पेंट मारलात तर सगळी मेहनत वाया. वर चुन्याची सफेदीच हवी.

नंतर बांधलेली मोरी, काँक्रीटची जोडखोली इथे सिमेंट योग्यच. जुन्या भिंतीवर आधीच सिमेंट असेल आणि ते घट्ट धरून असेल, तर छिन्नीने उपटू नका, चिऱ्याचा पापुद्राही सोबत येतो. सुटलेलं तेवढंच काढा.

लाकडाचा निर्णय सोपा आहे. दाराच्या आडबाजूला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस घासा. पॉलिश चिकट झालं तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं. त्यावर चपडीच पुन्हा चढवता येते, खरवडायची गरज नाही. तिला पाणी आणि गरम भांडं सोसत नाही, पण डाग पडला तर तेवढीच जागा दुरुस्त होते. पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं पॉलिश, पाण्याला भारी, जेवणाच्या टेबलाला उत्तम. मात्र एकदा तडकला की अख्खा पृष्ठभाग उतरवावा लागतो. शंभर वर्षांच्या सागवानी दारावर मला तो नको वाटतो. बाहेरच्या खिडक्यांना अळशीचं तेल लावा, पण तेलाच्या चिंध्यांचा गोळा करू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

जुना ऑइलपेंट मात्र कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाखात 90 भाग) मर्यादा 2017 पासून आली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओलं घासा, मुलांना लांब ठेवा.

गिलावा नोव्हेंबरात सुरू करून मेअखेर संपवा. भर पावसात चुना वाळत नाही, आणि दमट हवेत चपडीही पांढरी पडते. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर असेल तर माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या, खोलीत उघडीप बघून चुन्याची सफेदी मारून घ्या. भिंत नोव्हेंबरात उघडा.