डीबीटीचा वर्ग: लेकीसोबत मीही शिकले

लेकीला सोळाव्या वर्षी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे भावना टोकाला जाऊन आवरेनाशा होणाऱ्या मानसिक आजाराचं, निदान झालं. त्याआधी एका डॉक्टरांनी 'वयच तसं आहे' म्हणत वर्ष घालवलं, त्याचा राग अजून आहे. या आजारावर खास असं औषध नाही, म्हणून डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी मानसोपचार पद्धत) सुरू केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या या पद्धतीची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली.

किशोरांच्या वर्गात पालकांनीही बसायचं असतं. खरा फायदा मला तिथेच झाला. रोज डायरी कार्ड (दिवसभरातल्या भावना आणि वागणं टिपायचा तक्ता) भरणं, भावना उसळली की चेहऱ्यावर गार पाणी घेणं, हे तिचं काम. माझं त्याहून अवघड: 'एवढ्यावरून काय रडतेस' हे ओठांवर आलेलं गिळायचं आणि 'खूप लागलंय ना तुला' म्हणायचं. गृहपाठ भरपूर असतो.

परवा हातावर ब्लेड चालवण्याऐवजी तिनं थेरपिस्टना फोन लावला.