नगरधन, मनसर आणि मग रामटेक : नागपूरजवळच्या एका दिवसाच्या सहलीविषयी

रामटेक पाहिलेले नाही असा नागपूरकर सापडणे कठीण आहे. शाळेची सहल, त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा किंवा बाहेरगावचे पाहुणे, अशा कुठल्या तरी निमित्ताने प्रत्येक जण तिथल्या राममंदिराच्या गडावर जाऊन आलेला असतो, आणि त्याच वेळी वाटेवरचे मनसर व रामटेकच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर असलेले नगरधन ही दोन्ही ठिकाणे न पाहताच परतलेला असतो. मीही त्यांतलीच होते. यंदा डिसेंबरातल्या एका रविवारी मामा, मामी, माझी भाची आणि मी असे चौघे मुद्दाम नगरधनसाठी म्हणून निघालो. ज्यांच्याकडून भाड्याची गाडी घेतली होती, त्यांनी दिवसभराच्या कार्यक्रमात नगरधन लिहूनच घेतले नव्हते. चालकाचा समज असा, की आम्हांला गड आणि खिंडसी तलाव एवढेच पाहायचे आहे. जास्तीच्या किलोमीटरांचे पैसे आधी कबूल केल्यावरच गाडी तिकडे वळली. नगरधनला जायचे असल्यास हे आदल्या दिवशीच ठरवून घ्यावे, असे माझे सांगणे आहे.

कामठी आणि कन्हान मागे टाकून आपण मनसरला पोहोचतो. फाट्यावर तर्री-पोहे खाऊन सकाळी आठच्या सुमारास हिडिंबा टेकडी चढावी, कारण उन्हे वर आली की तिथे सावलीचा आडोसा फारसा मिळत नाही. टेकडीच्या पोटातून विटांचे प्रचंड बांधकाम उत्खननात बाहेर आले आहे. ते पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाते, जागोजागी कोन काढत वळते, आणि शेजारच्या तळ्याकडून पाहिले तर अख्खी टेकडीच कुणी विटांनी रचली असावी असे वाटते. पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झाले. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक घराण्याचा राजा दुसरा प्रवरसेन याने नंदिवर्धन (हेच आजचे नगरधन असे मानतात) सोडून प्रवरपूर येथे राजधानी नेली. ते प्रवरपूर म्हणजे मनसर, आणि टेकडीवरचे मंदिर त्याच राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवरेश्वराचे, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. इथली सुप्रसिद्ध शिवमूर्ती मात्र आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यामुळे ती पाहण्याच्या आशेने गेलेल्या माणसाची निराशा होते. जागेची देखभाल चांगली आहे, पायवाट स्वच्छ आहे. विटांवर चढून छायाचित्रे काढणाऱ्यांना हटकणारे मात्र त्या सकाळी कुणी दिसले नाही.

मनसरहून नगरधनला जाताना रस्ता धानाच्या बांध्यांमधून जातो. डिसेंबरात कापणी उरकलेली असते, बांध्यांत धसकटे उभी असतात आणि भुईकोट किल्ल्याचे बुरूज दुरूनच नजरेत भरतात. आज दिसणारी तटबंदी नागपूरकर भोसल्यांच्या काळातली मानली जाते. जीर्णोद्धाराचे काम झाल्यामुळे तट आणि बुरूज चांगल्या स्थितीत आहेत. विदर्भातल्या अनेक किल्ल्यांची दुरवस्था पाहिलेल्या माणसाला हे विशेष जाणवते. आत मोकळे पटांगण आहे आणि एका बाजूला जमिनीखाली उतरत जाणारी विहीर. तिच्यात पायऱ्या उतरून गेले की देवीचे ठाणे लागते. भाची धावतच खाली निघाली होती, तेव्हा तिथे बसलेल्या एका आजीबाईंनी तिला थांबवले आणि म्हणाल्या, ‘चपला इथंच काढा जी, खाली देवी आहे.’ पायऱ्या पायाला इतक्या गार लागतात, की वरच्या पटांगणातले ऊन क्षणभर विसरायला होते. खाली उदबत्तीचा आणि ओल्या दगडाचा एकत्र वास येतो, आवाज घुमतो, आणि वर मान करून पाहिले तर आकाशाचा चौकोनी तुकडा दिसतो. संपूर्ण दिवसात मनात सर्वांत जास्त राहिलेली जागा ही.

परंतु नगरधनची खरी श्रीमंती किल्ल्याहून कितीतरी जुनी आहे आणि ती पाहायला गेलेल्याला सहजी दिसत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. प्राचीन नंदिवर्धन म्हणजे हेच गाव असे मानले जाते. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पती लवकर वारल्यावर तिने अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्यकारभार पाहिला, आणि तिचा पुणे ताम्रपट याच नंदिवर्धनातून दिला गेला आहे. त्या ताम्रपटातली वंशावळ सासरच्या वाकाटकांपासून सुरू न होता माहेरच्या गुप्तांपासून सुरू होते, आणि गोत्रही ती वडिलांचेच सांगते. मामांनी हे सगळे आम्हांला किल्ल्याच्या दरवाज्याच्या सावलीत बसून सांगितले, तेव्हा मामी एवढेच म्हणाल्या, ‘बाई पक्की होती.’

२०१५ ते २०१८ या काळात राज्याचे पुरातत्त्व खाते आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी नगरधनमध्ये उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेली आणि शंखाचे चिन्ह असलेली मातीची लंबगोल मुद्रा मिळाली. तिचे वजन सहा-साडेसहा ग्रॅम, म्हणजे आपल्या पाच रुपयांच्या नाण्याच्या आसपास. ती एका भक्कम भिंतीच्या माथ्यावर सापडली आणि ती भिंत राजवाड्याशी संबंधित वास्तूची असावी असा संशोधकांचा अंदाज आहे. याशिवाय फारसे अलंकार नसलेली गणेशमूर्ती, काचेची कर्णभूषणे, मातीच्या बांगड्या, हरणाची आकृती असलेला दगड आणि गाईगुरे, शेळ्यामेंढ्या, डुकरे, कोंबड्या यांची हाडे मिळाली. राणीच्या राजधानीत लोक काय घालत होते आणि काय पाळत होते, हे इतक्या जवळून सांगणारी जागा नागपूरजवळ दुसरी माझ्या पाहण्यात नाही. असे असूनही, आम्ही फिरलो त्या भागात या सगळ्याची माहिती देणारा एकही वाचता येण्याजोगा फलक आम्हांला आढळला नाही. बरोबर मामा नसते, तर आम्ही तट पाहून, विहिरीत डोकावून अर्ध्या तासात बाहेर पडलो असतो. ज्यांच्या घरी असे मामा नाहीत, त्यांनी किमान प्रभावतीगुप्तेविषयी थोडे वाचून जावे. गावाबाहेर कोटेश्वराचे स्थान आहे, तिथे आम्ही फार थांबलो नाही. खाण्यापिण्याची सोय मात्र बरोबरच न्यावी. आम्ही घरून नेलेली भाकरी आणि झुणका किल्ल्याबाहेर झाडाखाली बसून खाल्ला.

रामटेकला दुपारी तीननंतर जावे. सकाळी तिथे गर्दी असते आणि गडावरच्या प्रकाशाची मजा संध्याकाळचीच. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पण अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढल्यास गडाची उंची आणि रचना नीट समजते. गुडघे दुखत असल्याने मामी गाडीने वर गेल्या. प्रसादाचा नारळ पिशवीतच ठेवावा. माझ्या हातातला नारळ एका काळतोंड्या वानराने इतक्या सफाईने नेला, की मला राग येण्याऐवजी कौतुक वाटले.

रामाच्या मुख्य मंदिराकडे सगळेच जातात, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. माझा आग्रह त्याच्या आधी लागणाऱ्या जुन्या देवळांसाठी आहे. वराहाची अखंड दगडी मूर्ती एवढी मोठी आहे, की तिच्या पोटाखालून माणूस सरपटत जाऊ शकतो, आणि पापी माणूस तिथे अडकतो अशी समजूत आहे. भाची लीलया पार झाली, मामांनी प्रयत्न केला नाही. जवळच केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरे आहेत. बाहेरून ती ठेंगणी आणि साधी दिसतात, आणि आत गाभारा व्यापून बसलेला नरसिंह अनपेक्षित मोठा आहे. केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवर शिलालेख आहे आणि अभ्यासकांच्या वाचनानुसार त्यात प्रभावतीस्वामी या नावाच्या देवस्थानाचा उल्लेख येतो. म्हणजे सकाळी नगरधनात जिच्याविषयी ऐकले, तिचेच नाव संध्याकाळी इथे दगडावर भेटते. याच कारणासाठी आधी नगरधन आणि मग रामटेक हा क्रम मी सुचवते. उलट क्रमाने गेल्यास नरसिंहाचे देऊळ हे वाटेतले एक अंधारे देऊळ एवढेच राहते.

कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे इतिहास-संशोधक वासुदेव विष्णू मिराशी यांनी हिरिरीने मांडले आणि नागपूरकरांनी ते केव्हाच मान्य केले आहे. गडावरच्या कालिदास स्मारकाला त्यासाठी अवश्य जावे, पण तिथे लवकर आटोपले तरी चालेल. खिंडसी तलावावर नौकाविहार होतो. लहान मुले बरोबर असतील तर ठीक, नाहीतर तो वेळ गडावर घालवावा. उतरल्यावर बाजारात रामटेकचे पान मिळते. इथल्या बरई समाजाचे पानमळे जुने आणि नावाजलेले आहेत, आणि मामींनी घरासाठी शंभर पाने बांधून घेतली.

सूर्य कलल्यावर आम्ही तटाच्या दक्षिण बाजूला उभे होतो. प्रभावतीगुप्तेचा दुसरा, ऋद्धपूरचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’, म्हणजे याच डोंगरावरच्या देवाच्या पायांशी दिला गेला, असे मामा सांगत होते. नगरधन नेमके कुठे ते त्यांनी हात लांब करून दाखवले. आम्हांला तळ्यांचे दोन-तीन चकाकते तुकडे, धानाचे पिवळे बांधे आणि त्यांच्यावर साचत चाललेला धूर एवढेच दिसत होते. भाचीने मात्र बुरूज दिसला असे ठासून सांगितले, आणि खाली गाडीपर्यंत पोहोचेतो ती त्यावर ठाम होती.