पर्सियसवरचं ग्रीक शब्द ओळखायचं साधन: संस्कृतवाल्यांनी जरूर वापरावं

शाळेत संस्कृत शिकवता शिकवता मी ग्रीककडे वळले. जवळपास शिकवणारं कुणी नाही, त्यामुळे टफ्ट्स विद्यापीठाची पर्सियस डिजिटल लायब्ररी हाच माझा आधार. पैसे नाहीत, खातं उघडायची भानगड नाही. उताऱ्यातल्या शब्दावर क्लिक केलं की धातू, काळ, पुरुष, वचन समोर येतं आणि तिथूनच लिडेल-स्कॉट-जोन्स या ग्रीक-इंग्रजी कोशाची नोंद उघडते.

याचा खरा कस लागतो ‘कथेउदो’सारख्या क्रियापदावर. अर्थ साधा, ‘मी झोपतो’. ‘कता’ हा उपसर्ग, ‘हेउदो’ हा धातू, त् आणि ह मिळून थ. भूतकाळात ग्रीकलाही आपल्या संस्कृतमधल्या लङ्‌सारखा आगम (धातूआधी जोडला जाणारा स्वर) लागतो आणि ‘समगच्छत्’मधल्या अ-सारखा तो उपसर्गाच्या नंतर यायला हवा. प्लेटोच्या संवादात अल्किबियादिस हे पात्र तसंच बोलतं, ‘कथेऊदेन’: आगम आत, धातूचा स्वर दीर्घ. अथेन्सचा भाषणलेखक लिसियास याच्या पहिल्या भाषणात मात्र ‘एकथेउदोन’ येतं, आगम उपसर्गाच्याही आधी! म्हणजे बोलणाऱ्यांना हा शब्द आता जोडशब्द वाटतच नव्हता. दोन्ही रूपं अथेन्सचीच. कोशात ती संदर्भासकट दिलेली आहेत. संदर्भावर क्लिक करून मी थेट लिसियासच्या त्या ओळीवर पोचले: बायकोने थट्टेच्या मिषाने दार लावून किल्ली नेलीय आणि शेतावरून आलेला नवरा कसलाही संशय न घेता खुशाल झोपलाय. तक्ता पाठ करून हे रूप असं डोक्यात बसलं नसतं.

‘एकथेउदोन’चे दोन अर्थ होतात, ‘मी झोपलो होतो’ आणि ‘ते झोपले होते’. साधन दोन्ही दाखवतं, निवड संदर्भ बघून आपणच करायची. मला हे आवडतं, वाचायची सवय राहते.

‘झोप लागली’ असं म्हणताना अथेन्सचे लेखक बहुधा ‘कतेदर्थोन’ वापरतात. तो धातूच निराळा, त्यामुळे तो वेगळा शोधावा लागतो.

शब्द स्वतः टाइप करायचा तर रोमन अक्षरांची बीटा कोड पद्धत आधी शिकून घ्या: थसाठी क्यू, दीर्घ ओसाठी डब्ल्यू. सगळी माहिती इंग्रजीत आहे आणि व्याकरणाच्या संज्ञा फार तोडून लिहिलेल्या असतात. लिपी आणि वर्तमानकाळाची रूपं येत असतील तरच इथे या. अगदी नवख्यांनी आधी एखादं प्राथमिक पुस्तक संपवावं.