सनचा जुना मॉनिटर घेताना फसलो, तुम्ही तरी जपून घ्या

मामा वाळूजला कंपनीत होते तेव्हा ज्या मशीनवर ड्रॉइंग काढायचे ती सन मायक्रोसिस्टिम्सची स्पार्कस्टेशन ५ (डिझाइनच्या कामाचा जुना कॉम्प्युटर) त्यांच्या कंपनीनं भंगारात काढली आणि मामांनी ती लातूरला घरी आणून ठेवली. १९९४ सालचं मॉडेल, अजून ठणठणीत, फक्त मॉनिटर नाही. आपला साधा व्हीजीए मॉनिटर तिला तसा लागत नाही, मागं १३डब्ल्यू३ पोर्ट असतो, तीन जाड गोल पिना आणि दहा बारीक, त्यात सिंकपण (चित्र जागेवर धरायचे आडवे-उभे सिग्नल) दोन्ही एकत्र करून पाठवते, म्हणून नुसता कन्व्हर्टर लावला तरी बऱ्याच मॉनिटरवर चित्र धरतच नाही.

तर संभाजीनगरच्या एका भंगारवाल्याकडं सनचाच २० इंची ट्रिनिट्रॉन (सोनीच्या ट्यूबचा जुना जाड मॉनिटर) आहे असं कळलं. फोनवर म्हणाला, "दादा, कंपनीचा माल हाय, डोळे झाकून घ्या." स्क्रीन चालू असलेला व्हिडिओ पाठवला, मागच्या लेबलचा फोटो वेगळा पाठवला. मी लै दिवसांपासून शोधायलो होतो, त्यामुळं ६,५०० रुपये लगेच यूपीआयनं टाकले. तिथंच चुकलं, व्हिडिओतला मॉनिटर आणि फोटोतला मॉनिटर एकच आहे का हे विचारलंच नाही.

ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं, दोघांनी मिळून उतरवलं. बटन दाबलं तर काहीच नाही. डिगॉसचा (चालू होताना मॉनिटर ट्यूबवरचं चुंबकत्व घालवतो त्याचा) "धप्प" आवाज नाही, काचेजवळ हात नेला तर केस उभे राहत नाहीत. मागचं कव्हर काढलं (चालू मॉनिटर असा उघडू नका हां, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात) आणि पोटात गोळाच आला. योकचं (ट्यूबच्या मानेवरच्या वेटोळ्याचं) तांबं गायब, डिगॉसची कॉइल गायब, ट्यूबची मान मोडलेली. मानेत आतून आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो पांढराफटक पडला होता, म्हणजे आत हवा शिरलेली, ट्यूब कायमची गेली. फोन केला तर म्हणे गाडीत फुटलं असंल. अरे, वायरी कटरनं सरळ कापलेल्या, टोकं अजून चमकायलेत, गाडीतल्या दणक्यानं वायर अशी कापली जाते का? त्यानंतर नंबर ब्लॉक.

१९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला पण सहाव्या दिवशी, तोवर त्यानं पैसे काढून घेतले होते. फसलात तर त्याच तासाला फोन करा, खात्यात पैसे असले तरच अडवता येतात. आणि घेण्याआधी एकाच व्हिडिओत, न थांबवता, आधी मागचं लेबल, मग बंद मॉनिटर चालू होताना, शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद, एवढं मागा. ट्रिनिट्रॉन असेल तर पांढऱ्या स्क्रीनवर आतल्या आधाराच्या तारेच्या एक-दोन बारीक आडव्या सावल्या दिसतात, त्या जवळून दाखवायला लावा. जो टाळाटाळ करील त्याला पैसे देऊ नका.

सध्या कीबोर्ड काढून (मग ती स्क्रीनऐवजी सिरियल पोर्टवर बोलते) सिरियल केबलनं, ९६०० च्या स्पीडवर, लॅपटॉपला जोडलीय. मशीन चालू होते, मामा रोज येऊन बघतात, पण लॅपटॉपवर नुसती अक्षरंच येतात, त्यांचं ड्रॉइंग त्यात दिसत नाही.